भाड्याच्या घरात पोटभाडेकरू ठेवताना : नाशिककरांचे नेहमीचे प्रश्न

कॉलेज रोडला तिघांनी मिळून फ्लॅट घेतला आणि वर्ष संपायच्या आत एकाला पुण्यात नोकरी लागली. अंबडच्या कंपनीतल्या कुणाला सहा महिन्यांसाठी बाहेर पाठवलं, पण पाथर्डी फाट्याचं हवेशीर घर सोडवत नाही. शिवाय सिंहस्थ जवळ आलाय, त्यामुळे पंचवटीतल्या भाडेकरूंच्या डोक्यात वेगळीच गणितं सुरू आहेत. भाडेकरारांच्या निमित्ताने हे प्रश्न वारंवार कानावर येतात. उत्तरं महाराष्ट्रातल्या कायद्याला धरून दिली आहेत. मालकाशी कसं बोलावं, ही मात्र माझी मतं.

पोटभाडेकरू नक्की कोणाला म्हणायचं? गावाहून भाऊ महिनाभर राहायला आला तर तोही?

भाऊ पाहुणा. परीक्षेसाठी आलेली मामेबहीणही पाहुणी. वाद कोर्टात गेला तर मुख्यतः दोन गोष्टी पाहिल्या जातात : घराचा किंवा एखाद्या खोलीचा स्वतंत्र ताबा दुसऱ्याकडे गेला का, आणि त्याबद्दल काही मोबदला ठरला का. तुम्ही स्वतः तिथेच राहताय, घर तुमच्या हातात आहे, तर पोटभाड्याचा प्रश्न सहसा येत नाही. तुम्ही बॅगा उचलल्या, किल्ली मित्राच्या हातात दिली आणि दर महिन्याच्या पाच तारखेला त्याचे पैसे तुमच्या खात्यात यायला लागले, की ते पोटभाडं. त्याला 'शेअरिंग' म्हणा नाहीतर 'कॉट बेसिस', नावाने काही फरक पडत नाही.

पाहुणा पंधरा-वीस दिवसांच्या वर राहणार असेल तर मालकाच्या कानावर घाला. इंदिरानगरच्या रो-हाऊसमध्ये खाली मालक आणि वर तुम्ही असाल, तर त्यांना ते तसंही पहिल्या संध्याकाळी कळलेलं असतं.

माझ्या करारात पोटभाड्याबद्दल अक्षरही नाही. म्हणजे ठेवायला हरकत नाही ना?

हरकत आहे. सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

आपल्याकडचा नेहमीचा अकरा महिन्यांचा करार हा लिव्ह अँड लायसन्स असतो. बोलताना आपण स्वतःला भाडेकरू म्हणतो, पण त्या कागदावर तुम्ही लायसन्सी असता. घर वापरायची परवानगी तुम्हाला मिळालेली असते, घरात हक्क निर्माण झालेला नसतो. १८८२ च्या इंडियन ईझमेंट्स ॲक्टचं कलम ५६ म्हणतं की सार्वजनिक करमणुकीच्या जागी जाण्याचा परवाना सोडला, तर बाकी परवाना दुसऱ्याच्या हवाली करता येत नाही. नाटकाचं तिकीट मित्राला देता येतं, फ्लॅट नाही. म्हणजे करार गप्प असला तरी कायदा गप्प नाही.

तुमचा करार खऱ्या अर्थाने भाडेपट्ट्याचा असेल, तर महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ बघायचा. त्याच्या कलम २६ नुसार करारात तशी मुभा नसेल तर पोटभाडेकरू ठेवता येत नाही, आणि बेकायदा पोटभाडं हे कलम १६ खाली घर खाली करून घेण्याचं थेट कारण ठरतं.

मग 'करारात मनाई नसेल तर चालतं' हे लोक कुठून आणतात? ट्रान्स्फर ऑफ प्रॉपर्टी ॲक्टच्या कलम १०८ मध्ये पट्टेदाराला तशी मोकळीक आहे आणि इंटरनेटवरचे बरेच लेख त्यावर बेतलेले असतात. आपल्या राज्यातल्या भाड्याच्या घराला ती मोकळीक लागू करायला जाऊ नका.

शिवाय 'करारात काहीच नाही' म्हणणाऱ्याला करार पुन्हा वाचायला लावलं, की बहुतेक वेळा तिसऱ्या-चौथ्या पानावर 'सदर मिळकत अन्य कोणासही पोटभाड्याने देणार नाही' हे वाक्य सापडतंच. तयार मसुद्यात ते असतंच. सही करताना कोणी वाचत नाही इतकंच.

न सांगता ठेवला तर कळणार कोणाला?

वॉचमनला, समोरच्या काकूंना, पाण्याच्या टाकीला आणि पार्किंगमधल्या जास्तीच्या मोटारसायकलला. नाशिक अजून तेवढं मोठं झालेलं नाही.

परिणामांचं म्हणाल, तर मालक करार मुदतीआधी संपवू शकतो आणि डिपॉझिटवरून वाद घालायला त्याला आयतं कारण मिळतं. मुदत संपूनही घर रिकामं झालं नाही, तर भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २४ खाली तो सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करतो. त्या काळासाठी लायसन्स फीच्या दुप्पट दराने नुकसानभरपाई द्यावी लागते, आणि ती तुम्हाला द्यावी लागते. आत राहणारा दुसराच असला तरी कागदावर नाव तुमचं असतं.

मालकांना विचारायचं कसं? ते लगेच 'नाही' म्हणतील.

बऱ्याचदा 'नाही' येतं ते प्रश्न अर्धवट विचारल्यामुळे. 'काका, माझा एक मित्र राहिला तर चालेल का?' यावर कुठलाही शहाणा मालक नाहीच म्हणेल. कोण, किती दिवस, पैसे कोण देणार, हे त्याला काहीच कळलेलं नसतं. मालकाच्या मनात भीती दोन असतात : आत कोण शिरतंय, आणि सांगितल्यावर तो निघेल का. या दोन्हींचं उत्तर तुम्ही विचारण्याआधी तयार ठेवा.

आधी फोन, मग भेट, आणि त्यानंतर लेखी. थेट व्हॉट्सॲपवर मोठा मेसेज टाकू नका; साठीच्या पुढच्या मालकाला तो नोटिशीसारखा वाटतो. भेटीत बोलणं साधारण असं असावं :

'काका, कंपनी मला जून ते ऑगस्ट चेन्नईला पाठवतेय. सप्टेंबरला मी परत येणार आहे. तेवढे तीन महिने माझ्याच डिपार्टमेंटमधला एक जण राहील, लग्न झालेलं आहे, बायको शिक्षिका आहे. त्यांचं आधार आणि कंपनीचं ओळखपत्र आणलंय. भाडं तुम्हाला दर महिन्याला माझ्याच खात्यातून येईल. घराची जबाबदारी माझीच. तुम्ही एकदा त्यांना भेटा आणि मग ठरवा.'

यातलं 'तुम्ही एकदा भेटा' हे सगळ्यात महत्त्वाचं. नवा माणूस मालकासमोर बसला, चहा झाला, मूळ गाव कुठलं याची चौकशी झाली (सटाणा किंवा निफाड निघालं तर अर्धं काम झालं), की चित्र बदलतं. यात जात-धर्माची आणि आहाराची चौकशीही होते, हे कटू पण खरं आहे. मला ते पटत नाही. पण घर मिळवण्यासाठी खोटी ओळख सांगू नका. नंतर ते उघडं पडतं आणि त्रास नव्या माणसाला होतो.

विचारायची वेळही बघा. भाडं थकलेलं असताना हा विषय काढूच नये. भाडं वर्षभर वेळेवर गेलेलं असेल, तर तोच तुमचा सगळ्यात मोठा वशिला.

काका तोंडी 'हो' म्हणाले. पुरेल?

काका आहेत तोवर पुरेल. उद्या व्यवहार त्यांच्या मुलाने हातात घेतला तर? एका पानाचं संमतीपत्र घ्या : घराचा पत्ता, मूळ कराराचा नोंदणी क्रमांक, येणाऱ्याचं पूर्ण नाव, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, आणि मालकाची सही. पत्र मागायचा संकोच वाटत असेल तर भेटीनंतर त्यांना मेसेज करा, 'काका, आज ठरल्याप्रमाणे अमुक व्यक्ती एक जूनपासून ३१ ऑगस्टपर्यंत राहील', आणि त्यांचं 'ठीक आहे' जपून ठेवा. कागदाच्या खालोखाल हे बरं.

मूळ करार तसाच ठेवावा की नवा करावा?

रूम पार्टनर बदलला असेल तर माझं सरळ मत : नवा करार करा आणि सगळ्यांची नावं लायसन्सी म्हणून घाला. पोटभाड्याचा प्रश्नच उरत नाही. गंगापूर रोड, म्हसरूळ, आडगाव या कॉलेजांच्या पट्ट्यात मुलं दर वर्षी बदलतात. पण करार मात्र चार बॅचमागे पास होऊन गेलेल्या कुणाच्या तरी नावावर असतो. पुढे डिपॉझिट मागायला तो कुठे सापडणार?

खर्चाचा बाऊ करू नका. लिव्ह अँड लायसन्सला मुद्रांक शुल्क ०.२५ टक्के आहे. ते पूर्ण मुदतीच्या भाड्यावर, आणि परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के व्याज धरून त्या रकमेवर लागतं. भाडं १२,००० आणि डिपॉझिट ४०,००० असेल, तर अकरा महिन्यांसाठी हिशोब ३४० रुपयांच्या आसपास येतो. नोंदणी फी महापालिका हद्दीत १,००० रुपये, ग्रामीण भागात ५००. नोंदणी ऑनलाइन होते, आधार आणि अंगठ्याच्या ठशाने. करार करून देणारे घरीही येतात, त्यांची फी वेगळी.

करार नोंदवण्याची जबाबदारी भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे मालकावर आहे. नोंदवला नाही तर मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. शिवाय अटींबद्दल वाद झाला तर, उलट सिद्ध होईपर्यंत, भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं. टाळाटाळ करणाऱ्या मालकाला हे कलम दाखवायला हरकत नाही, फक्त दमात घेतल्यासारखं दाखवू नका.

तीन-चार महिन्यांचाच प्रश्न असेल तर मूळ करार ठेवून वर सांगितलेलं संमतीपत्र चालतं. तुम्ही परत यायची खात्री नसेल तर मात्र स्वतःचा करार संपवा आणि नव्या माणसाचा थेट मालकाशी करून द्या. दोन होड्यांवर पाय कशाला?

माझं भाडं १२,०००. पोटभाडेकरूकडून १५,००० घेतले तर?

मालकाला कळलं की संबंध संपले. घर त्याचं, वरकमाई तुमची, हे कुणालाही झोंबतं. तुमचा फ्रिज, वॉशिंग मशीन, पलंग तो वापरणार असेल तर त्याचे वेगळे पैसे घ्या. ते रास्त आहे, पण मालकाला आधी सांगा.

डिपॉझिट कोणाकडे द्यायचं?

ज्याच्याशी करार, त्याच्याकडे. नव्या माणसाचं नाव मालकाच्या करारात आलं तर डिपॉझिट मालकाकडे आणि तुमचं तुम्हाला परत. तुमच्यामार्फत राहत असेल तर एक महिन्याच्या भाड्याएवढं तुम्ही घ्या, पावती द्या, आणि घराचे फोटो-व्हिडिओ दोघांसमोर काढा : भिंती, बाथरूमच्या टाइल्स, गिझर, नळ, खिडक्यांच्या जाळ्या. रंगकामाचे पैसे कापण्यावरून जेवढी भांडणं होतात तेवढी थकलेल्या भाड्यावरूनही होत नसतील.

स्वतः मालक असल्याचं भासवून डिपॉझिट घेणं ही सरळसरळ फसवणूक आहे. तिथे हिशोबाचा वाद राहत नाही, पोलीस केस होते.

पोलिसांकडे माहिती कोण देणार?

मालक. पण कागद गोळा करून भरायला तुम्ही मदत करा. भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात किंवा महाराष्ट्र पोलिसांच्या संकेतस्थळावरून देता येते. आत राहणारा माणूस बदलला तर माहितीही नव्याने द्यायची; जुन्या पोचपावतीवर नवा माणूस चालत नाही. माहिती देणं बंधनकारक करणारा पोलीस आयुक्तांचा आदेश लागू असताना माहिती लपवली, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २२३ खाली गुन्हा दाखल होऊ शकतो, आणि तो मालकावर होतो. तुम्ही गुपचूप ठेवलेल्या माणसापायी काकांना पोलीस ठाण्याची पायरी चढावी लागली, तर पुढचं बोलणं काय होईल ते सांगायला नको.

सोसायटी म्हणते, आमची परवानगी नाही.

सहकारी गृहनिर्माण संस्था असेल तर आदर्श उपविधींप्रमाणे सभासदाने घर भाड्याने द्यायच्या आठ दिवस आधी संस्थेला कळवायचं, करार आणि पोलिसांना दिलेल्या माहितीची प्रत जोडायची. परवानगीची अट त्यात नाही. नॉन ऑक्युपन्सी शुल्कही (मालक स्वतः राहत नसल्याबद्दल संस्था घेते ते) सेवा शुल्काच्या १० टक्क्यांच्या वर घेता येत नाही. सरकारचा तसा आदेश ऑगस्ट २००१ पासून आहे.

पण नाशिकमध्ये बऱ्याच इमारती सोसायट्या नसून १९७० च्या अपार्टमेंट ओनरशिप कायद्याखालच्या 'अपार्टमेंट' आहेत. तिथे घोषणापत्र आणि त्यासोबतचे उपविधी बघावे लागतात. आपली इमारत यातली कोणती, हे आधी मालकांना विचारा. चेअरमनशी तुम्ही स्वतः भांडायला जाऊ नका. ते काम मालकाचं, आणि त्याला शेजाऱ्यांसोबत तुमच्यानंतरही राहायचं असतं.

वीजबिल कसं वाटायचं?

किल्ली देताना मीटरचा फोटो. महावितरणचा घरगुती दर टप्प्यांचा आहे : १०० युनिटपर्यंत एक, ३०० पर्यंत दुसरा, पुढे आणखी चढे. घरात माणसं वाढली की वापर वरच्या टप्प्यात जातो आणि बिल माणसांच्या प्रमाणापेक्षा जास्त फुगतं. त्यामुळे 'माझं नेहमीचं ७०० यायचं, वरचं तू भर' हा हिशोब दिसायला सोपा असला तरी नव्या माणसावर अन्याय करतो. पाइप गॅसचं बिल आणि पाण्याच्या टँकरची वर्गणी कोण भरणार, हेही आधीच लिहून ठेवा.

सिंहस्थात पर्वणीपुरतं घर भाविकांना देता येईल का? सगळेच देणार आहेत म्हणे.

'सगळेच' यात घराचे मालक किती आणि भाडेकरू किती, ते आधी मोजा. मालकाने स्वतःचं घर देणं वेगळं.

जाहीर झालेल्या कार्यक्रमाप्रमाणे ध्वजारोहण ३१ ऑक्टोबर २०२६ ला आहे आणि मुख्य स्नानं २०२७ मध्ये : २ ऑगस्ट, ३१ ऑगस्ट, आणि तिसरं नाशिकला ११ सप्टेंबर, त्र्यंबकेश्वरला १२ सप्टेंबर. पंचवटी, तपोवन, जुनं नाशिक, त्र्यंबक रोड या पट्ट्यात त्या दिवसांत खोलीला सोन्याचा भाव येणार, यात शंका नाही. म्हणूनच लिव्ह अँड लायसन्सवर राहणाऱ्याने चार रात्रींसाठी घर देणं जास्त धोक्याचं. मालकाला त्या पैशांचा अंदाज तुमच्याइतकाच आहे. न विचारता दिलंत तर त्याला तो विश्वासघात वाटेल, आणि तसा तो असेलही.

मनात असेल तर आतापासून बोला. २०२७ चा पावसाळा ज्या करारात येणार, त्या कराराच्या वेळीच विषय काढा. मालकालाच घर हवं असेल तर तुम्ही तेवढे दिवस गावी जाल का, त्या महिन्याचं भाडं माफ होईल का, हे ठरू शकतं. दोघांनी मिळून द्यायचं असेल तर वाटा लेखी ठरवा. येणाऱ्या प्रत्येकाचं ओळखपत्र घ्या, पोलिसांना माहिती द्या, सोसायटीला कळवा, आणि एका फ्लॅटमध्ये किती माणसं हे आधीच पक्कं करा. सहा जणांचं बोलणं होतं आणि गाडीतून पंधरा उतरतात. ड्रेनेज तुंबलं की बिल भाविक देत नाहीत. पर्वणीला रामकुंडाच्या बाजूला वाहनांना बंदी असते, त्यामुळे 'पार्किंगसह' असं कबूल करण्याआधी विचार करा.

पोटभाडेकरू भाडं देत नाही, आणि निघतही नाही. आता?

सगळ्यात आधी मालकाला तुम्ही स्वतः सांगा, त्यांच्या कानावर दुसरीकडून जायच्या आत. त्यांचं भाडं तुमच्या खिशातून वेळेवर भरत राहा. मग त्या माणसाला लेखी मुदत द्या. त्याचं राहणं तुमच्या परवान्यावर उभं आहे. तुमचा परवाना संपला की त्याला वेगळा हक्क उरत नाही. सामान बाहेर फेकणं, कुलूप बदलणं, वीज-पाणी तोडणं मात्र करू नका. त्यात तुमचीच बाजू लंगडी पडते. ऐकलंच नाही तर मालकासोबत वकिलाकडे जा, वेगवेगळे जाऊ नका.

मी स्वतःच पोटभाडेकरू आहे. मालक दारात आले आणि म्हणाले, 'तुम्ही कोण?'

दार लावू नका, उद्धट बोलू नका. संमतीपत्राची प्रत दाखवा. ती नसेल तर जे खरं आहे ते सांगा आणि मूळ भाडेकरूला तिथल्या तिथे फोन लावून द्या. ज्याने तुम्हाला ठेवलं त्याने मालकाला विचारलंच नव्हतं असं निघालं, तर डिपॉझिट त्याच्याकडून मागायचं, मालकाकडून नाही. तुम्ही नीट वागलात तर मालक तुमच्याशीच थेट करार करायला तयार होतो, असंही घडतं.

मालक हवं तेव्हा घर बघायला येतात. ते चालतं?

भाडेकरूला आधी कळवून, वाजवी वेळी घर पाहायचा मालकाला हक्क आहे. भाडे नियंत्रण कायद्याचं कलम २८ तेच सांगतं. लिव्ह अँड लायसन्समध्येही पाहणीची अट बहुधा असते. न कळवता यायची सवय असेल तर तुम्हीच महिन्यातून एक रविवार ठरवून बोलवा. दोन वेळा येऊन, पोहे खाऊन गेले की मग येणं आपोआप कमी होतं.

आमचं जुन्या नाशकातल्या वाड्यातलं घर आहे, आजोबांच्या वेळचं भाडं. त्यात भाच्याला ठेवू का?

हा प्रकार पूर्ण वेगळा. तिथे तुम्ही संरक्षित भाडेकरू असू शकता आणि गमावण्यासारखंही तुमच्याकडेच जास्त आहे. १ फेब्रुवारी १९७३ नंतर परवानगीशिवाय ठेवलेला पोटभाडेकरू घर खाली करायचं कारण ठरतो. सबळ कारण नसताना घर सलग सहा महिने न वापरणं हेही एक कारण आहे. म्हणजे तुम्ही गोविंदनगरच्या फ्लॅटवर राहायला गेलात आणि वाड्यात भाच्याला बसवलंत, तर मालकाच्या वकिलाला दोन्ही बाजूंनी आयती संधी. भाडे हक्क सोडायचा किंवा दुसऱ्याच्या नावे करायचा असेल तर मोबदला घेणं भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५६ ने कायदेशीर आहे, आणि संमतीसाठी मालकाने पैसे घेणंही. ते मालकाला सोबत घेऊन, कागदावर करा. इथे वकिलाची फी वाचवू नका.

पोटभाड्याच्या उत्पन्नावर कर?

लागतो. तुम्ही घराचे मालक नसल्यामुळे ते 'घर-मालमत्तेपासूनचं उत्पन्न' न धरता 'इतर स्रोतांपासूनचं' धरलं जातं. त्यासाठी तुम्ही मालकाला दिलेल्या भाड्याचा तेवढा भाग खर्च म्हणून दाखवता येतो. नोकरीत पूर्ण भाड्यावर घरभाडे भत्त्याची सूट घ्यायची आणि अर्धं भाडं पार्टनरकडून वसूल करायचं, हे मात्र जमत नाही. सूट आपल्या वाट्यापुरतीच घ्या.

सगळं नीट विचारलं, तरी मालक 'नाही' म्हणाले.

मग नाही. कारण विचारा, पण हुज्जत घालू नका. कधी कधी नकार त्या माणसाला असतो, कल्पनेला नसतो. दुसरा कोणी सुचवून बघा. नाहीतर करारातला नोटिशीचा काळ बघा, बहुधा एक महिना असतो, आणि लॉक-इन (ज्या काळात करार मधेच सोडता येत नाही तो) संपला आहे का ते तपासा. नोटीस लेखी द्या. नवा भाडेकरू शोधून देतो म्हणावं. मालकाचं ब्रोकरेज वाचतं आणि तुमचं डिपॉझिट लवकर सुटतं. निघताना महावितरणचं शेवटचं बिल, सोसायटीची थकबाकी नसल्याचा मेसेज आणि सगळ्या किल्ल्या एकाच दिवशी द्या, लेटर बॉक्सची छोटी किल्लीसुद्धा.